लेखणी उचलली गेली, जबाबदारी उरली

आपल्या समाजातील अनेक घरांत एक वाक्य मोठ्या प्रेमाने उच्चारले जाते. घरात बौद्धिक दिव्यांग मुलगा किंवा मुलगी असते. वय पंधरा-सोळा वर्षांचे, पण समज लहान मुलाची. आल्या-गेल्याला सांगितले जाते की हा तर मासूम जीव आहे, याला हिशेब नाही. या वाक्यात ईमान आहे, माया आहे आणि आईवडिलांच्या दुखावलेल्या मनाला मिळणारा दिलासाही आहे. त्या दिलाशाची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु वाचकहो, या वाक्याच्या पाठोपाठ आणखी एक विचार नकळत घरात शिरतो. ज्याला हिशेब नाही त्याला शिकवायचे कशाला? त्याला जिना चढायला, चेंडू झेलायला, सदऱ्याची बटणे स्वतःच्या हाताने लावायला बसवून त्रास कशाला द्यायचा? बसू द्या बिचाऱ्याला. आणि तो बसतो. वर्षामागून वर्षे एकाच खोलीत, दूरदर्शनसमोर किंवा मोबाइल हातात घेऊन. त्याचे वजन वाढते, पाय दुबळे होतात, आणि एक दिवस आईला त्याला उचलणे अशक्य होते.

पहिले वाक्य शरीअतच्या आधारावर उभे आहे. दुसऱ्या विचाराला शरीअतमध्ये कोठेही आधार नाही. या दोहोंमधील अंतर ओळखणे हा केवळ वैद्यकीय सल्ल्याचा विषय नाही, तो आपल्या दीनचा आणि नीतीचा प्रश्न आहे.

लेखणी उचलली जाणे म्हणजे काय?

हजरत आयेशा (रजि.) आणि हजरत अली (रजि.) यांच्याकडून आलेली, अबू दाऊद आदी संग्रहांत नोंदलेली हदीस आपल्या परिचयाची आहे. तिचा आशय असा की तीन जणांवरून लेखणी उचलली गेली आहे: झोपलेला मनुष्य जागा होईपर्यंत, मूल वयात येईपर्यंत आणि बुद्धी हरपलेला मनुष्य भानावर येईपर्यंत. या अवस्थेत घडलेल्या कृत्यांचा गुन्हा त्यांच्या नावे लिहिला जात नाही. अल्लाहच्या न्यायाचे आणि दयेचे हे मोठे दर्शन आहे.

आता या तिघांपैकी मधल्याकडे पाहा. लेखणी मुलावरूनही उचलली गेली आहे. म्हणून आपण मुलाला शिकवणे सोडून देतो काय? उलट माणसाच्या आयुष्यातील सर्वाधिक शिकवण आपण त्याच वर्षांत देतो. प्रेषितांनी (स.) मूल सात वर्षांचे झाले की त्याला नमाजची आज्ञा करण्यास सांगितले, म्हणजे नमाज फर्ज होण्याच्या कितीतरी वर्षे आधी. ही आज्ञा आईवडिलांना उद्देशून होती. मुलावरून लेखणी उचलली गेली होती, आईवडिलांवरून नाही. मुलाच्या बाबतीत जे आपल्याला सहज उमगते, ते त्याच हदीसमधील तिसऱ्या व्यक्तीच्या बाबतीत आपण का विसरतो?

फुकहांनी या विषयाचा बारकाईने विचार केला आहे. त्यांनी 'मजनून' आणि 'मअतूह' असा भेद केला. मजनून म्हणजे ज्याच्या बुद्धीवर पूर्ण पडदा पडला आहे तो. मअतूह म्हणजे ज्याची समज अपुरी आहे, पण जो काही गोष्टी ओळखतो, काही शिकू शकतो तो. हनफी फुकहांनी अशा समज असलेल्या मअतूहला बहुतेक बाबतींत जाणते होऊ लागलेल्या मुलाच्या बरोबरीने ठेवले. जकातीचेच उदाहरण घ्या. बुद्धीने दुर्बल व्यक्तीच्या नावावर संपत्ती असेल, तर शाफई, मालिकी आणि हंबली मतानुसार तिच्यावर जकात लागू होते आणि ती वलीने द्यायची असते; हनफी मतानुसार त्याच्या पैशाअडक्यावर ती लागू होत नाही. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफई, तर देशावरील बहुतेक हनफी. मते दोन आहेत, परंतु दोन्हीकडे त्याच्या मालाला आणि व्यवहाराला जबाबदार असलेला वली हजर आहे.

पवित्र कुरआनने सूरह अन्-निसाच्या पाचव्या आयतीत कमी समज असलेल्यांच्या हाती संपत्ती सोपवण्यास मनाई केली आणि त्याच आयतीत त्यांना खाऊ घालण्याची, कपडे देण्याची व त्यांच्याशी भल्या शब्दांत बोलण्याची आज्ञा दिली. लगेच पुढच्या आयतीत अनाथांविषयी सांगितले आहे की ते मोठे होईपर्यंत त्यांची पारख करत राहा, आणि शहाणपण दिसले की त्यांची संपत्ती त्यांना द्या. ती आज्ञा अनाथांविषयी आहे, हे खरे. तरी तिच्यातील रीत आपल्यालाही मार्ग दाखवते. कोणाची कुवत किती, हे घरबसल्या ठरवायचे नसते. संधी देऊन पाहायचे असते, आणि पुन्हा पुन्हा पाहायचे असते.

शरीराचा हक्क

हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) दिवसभर रोजे ठेवत आणि रात्रभर नमाज पढत. प्रेषितांनी (स.) त्यांना समजावले की तुमच्या शरीराचाही तुमच्यावर हक्क आहे. ही हदीस बुखारीत आहे. ज्याला आपल्या शरीराचा हक्क स्वतः ओळखता येत नाही, त्याच्या शरीराचा हक्क कोणी ओळखायचा? उत्तर स्पष्ट आहे. ज्याच्या हाती त्याची देखभाल आहे, त्यानेच.

बौद्धिक अक्षमता म्हणजे आजार नव्हे आणि वेडही नव्हे. आपल्या देशाच्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात तिचा अर्थ दिला आहे: विचार करणे, शिकणे, अडचण सोडवणे यांत मोठी मर्यादा, आणि रोजच्या जगण्याच्या कौशल्यांतही मर्यादा. परंतु ही मर्यादा डोक्यापुरती राहत नाही. अशी बरीचशी मुले उशिरा बसतात, उशिरा चालतात. त्यांचा तोल लवकर जातो. डोळा आणि हात यांचा मेळ बसायला वेळ लागतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचे स्नायू जन्मतःच सैल असतात, सांध्यांचे बंधही ढिले असतात; त्यांतील पुष्कळ मुले दुसऱ्या वर्षाच्या आसपास किंवा त्यानंतर चालू लागतात.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. मुलाच्या शरीरात दिसणारा सगळाच दुबळेपणा त्याच्या मूळ अवस्थेतून आलेला नसतो. त्यातील काही भाग आपण निर्माण केलेला असतो. जो मुलगा कधी उतारावर धावला नाही, त्याचे पाय उतारावर थरथरणारच. ज्याच्या तोंडात आजवर दुसऱ्यानेच घास घातला, त्याची बोटे घास कसा करायचा हे शिकणार कशी? नियमित व्यायामाने या मुलांचा तोल सुधारतो, स्नायूंना बळ येते, दम वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये शारीरिक हालचालींविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत पहिल्यांदाच दिव्यांगांसाठी स्वतंत्र शिफारशी दिल्या. ५ ते १७ वयोगटातील दिव्यांग मुलांनीही दिवसाला सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायाम करावेत, असे त्यांत सांगितले आहे. ही वेळ इतर मुलांना सांगितलेल्या वेळेइतकीच आहे.

वुजूचे पाणी आणि हाताची बोटे

मुलाला वुजू शिकवायचा म्हणजे काय शिकवायचे? नळापाशी तोल सांभाळून उभे राहणे किंवा बसणे, नळ फिरवणे, ओंजळ करणे, ओंजळीतले पाणी न सांडता तोंडापर्यंत नेणे, चूळ भरून टाकणे, एका हाताने दुसऱ्या हाताचे कोपर चोळणे, ओले हात डोक्यावरून फिरवणे, एका पायावर भार देऊन दुसरा धुणे. आपल्याला जे एक काम वाटते, ते प्रत्यक्षात दहा-बारा लहान कामांची साखळी असते. विशेष शिक्षणाच्या शिक्षकांची पद्धत हीच आहे. काम लहान तुकड्यांत पाडायचे, एका वेळी एकच तुकडा शिकवायचा, हाताला हात लावून सुरुवात करायची आणि मुलाला जमू लागले की आपला हात हळूहळू काढून घ्यायचा. पुष्कळदा शेवटचा तुकडा आधी शिकवतात: सगळी बटणे आपण लावायची आणि शेवटचे त्याला लावू द्यायचे. काम आपण पूर्ण केले, हा आनंद त्याला पहिल्याच दिवशी मिळतो.

नमाज ही इबादत आहे. तिला व्यायाम म्हणणे योग्य होणार नाही. परंतु रुकूत वाकणे, सजद्यात जाणे आणि जमिनीवरून उठून पुन्हा उभे राहणे हे ज्या शरीराला जमते, ते शरीर पडल्यावर स्वतः उठू शकते, हेही तितकेच खरे. मुलाला वडिलांच्या शेजारी उभे राहून या हालचाली शिकू द्याव्यात. त्याच्याकडून चूक झाली तर हिशेब नाही. जमले तर अल्लाहच्या कृपेला सीमा नाही.

याहून गंभीर प्रश्न तहारत आणि सतर यांचा आहे, आणि त्यावर आपल्याकडे फार कमी बोलले जाते. मूल लहान असते तोवर त्याला कोणीही धुते, कपडे घालते. तेच मूल वयात येते. आता त्याचे शरीर मोठ्या माणसाचे आहे आणि ते दुसऱ्यासमोर उघडे पडते आहे. मुलीच्या बाबतीत मासिक पाळीची निगा आईखेरीज कोण राखणार, आणि आई आजारी पडली तर काय? ज्याला स्वतःची स्वच्छता स्वतः करता येते, कपडे स्वतः घालता येतात, त्याची लाज सुरक्षित राहते. ज्याला सर्वांनीच स्पर्श करण्याची सवय लावली गेली आहे, त्याला वाईट हेतूचा स्पर्श ओळखणेही कठीण जाते. बोटांचे हे शिक्षण, म्हणजे मटार सोलणे, कणीक मळणे, दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावणे, पिळून पाणी काढणे, आपल्याला फावल्या वेळचे खेळ वाटतात. त्या तरुणाच्या किंवा तरुणीच्या आयुष्यात त्यांच्यावर हया अवलंबून असते.

मदीनेच्या वाटेवर

सहीह मुस्लिममध्ये हजरत अनस (रजि.) यांनी सांगितलेला एक प्रसंग आहे. मदीनेत एक स्त्री होती, जिच्या बुद्धीत काही उणीव होती. ती प्रेषितांकडे (स.) आली आणि म्हणाली की मला आपल्याशी काम आहे. प्रेषितांनी (स.) तिला आदराने, मुलाच्या नावाने आईला जसे पुकारतात तसे पुकारले आणि सांगितले की तुला हवी ती गल्ली निवड, मी तुझे काम करतो. मग ते तिच्यासोबत रस्त्याच्या एका बाजूला थांबले, तिचे सांगणे पुरे होईपर्यंत.

या लहानशा प्रसंगात विचार करण्यासारखे पुष्कळ आहे. ती घरात कोंडलेली नव्हती. मदीनेच्या रस्त्यांवर स्वतःच्या पायांनी फिरत होती. तिला लाजिरवाण्या नावाने हाक मारली गेली नाही. गल्ली कोणती हे तिने ठरवायचे होते. आणि ज्यांच्यावर साऱ्या उम्मतचा भार होता, ते तिच्या वेगाने थांबले. आपण मात्र अशा मुलांसाठी निवड करून टाकतो: काय घालायचे, केव्हा खायचे, कोठे बसायचे. त्यांच्या वेगाने थांबायला आपल्याकडे वेळ नसतो. सदरा घालायला त्याला दहा मिनिटे लागतात, आपण एका मिनिटात घालून मोकळे होतो आणि त्याला माया म्हणतो. कधी ती माया असते, कधी ती केवळ घाई असते. दोहोंतील फरक ओळखणे हीच या विषयातील नैतिक कसोटी आहे.

आपल्या शहरात

नवी मुंबईतील वाचकांना हे सांगणे आवश्यक वाटते की साधने त्यांच्या दाराशी आहेत. बौद्धिक दिव्यांगांसाठी काम करणारी केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था १९८४ मध्ये सिकंदराबाद येथे स्थापन झाली. तिचे प्रादेशिक केंद्र खारघरमध्ये आहे. नवी मुंबई महानगरपालिकेचे दिव्यांगांसाठीचे शिक्षण, प्रशिक्षण व सेवासुविधा केंद्र वाशीत आहे. लोक त्याला ईटीसी केंद्र म्हणून ओळखतात. नॅशनल ट्रस्टच्या निरामय आरोग्य विमा योजनेत बौद्धिक अक्षमता, आत्ममग्नता, मेंदूचा पक्षाघात आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते आणि त्यात उपचारपद्धतींच्या खर्चाचीही तरतूद आहे. २०१६ च्या कायद्याच्या कलम ३१ ने ठरावीक प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आणि कलम ३० ने त्यांना खेळात सहभागी करून घेण्याची जबाबदारी शासनावर टाकली. हक्क कागदावर पडून राहिला तर त्याचा जाब शासनाला विचारावा. परंतु आपण दारच ठोठावले नसेल तर तो जाब कोणाला विचारायचा?

खारघरचे सेंट्रल पार्क, नेरुळचे वंडर्स पार्क, प्रत्येक नोडमधील लहानमोठी उद्याने ही आपल्या शहराला लाभलेली देणगी आहे. फजरनंतर किंवा असरनंतर अर्धा तास चालणे, चेंडू टाकणे आणि झेलणे, फरशीच्या रेषेवरून पाऊल टाकत जाणे, दोन पायऱ्या चढणे-उतरणे यांसाठी फारसा खर्च लागत नाही. लागतो तो संकोच सोडण्याचा निर्धार.

हे शिक्षण कोठवर जाऊ शकते, याचा दाखला मार्च २०१९ मध्ये अबू धाबीत दिसला. बौद्धिक दिव्यांगांच्या स्पेशल ऑलिम्पिक्सची जागतिक स्पर्धा पहिल्यांदाच मध्यपूर्वेत, एका मुस्लिम देशात भरली. १९० हून अधिक देशांतील सुमारे ७५०० खेळाडू आले आणि भारतीय पथकाने ८५ सुवर्णांसह ३६८ पदके मिळवली. पदकांहून महत्त्वाचा आहे या स्पर्धेचा एक नियम. खेळाडूंची आधी पारख करून साधारण सारख्या क्षमतेच्या खेळाडूंचे गट पाडले जातात, म्हणजे प्रत्येकाची स्पर्धा त्याच्या तोलाच्या खेळाडूशी होते. सूरह अल्-बकराच्या शेवटच्या आयतीत अल्लाहने कोणत्याही जिवावर त्याच्या कुवतीपलीकडे भार न टाकण्याचे जे तत्त्व सांगितले, त्याची आठवण हा नियम पाहून होते. त्या आयतीचा आधार आपण कुवतीपलीकडचे ओझे नाकारण्यासाठी घेतो, आणि ते योग्यच आहे. परंतु जेवढी कुवत आहे तेवढीही वापरू न देणे हा त्या आयतीचा अर्थ नव्हे.

काही शंका

पहिली शंका भीतीची. तो पडेल, त्याला लागेल. ही भीती खोटी नाही, म्हणून तिचे उत्तर सावधगिरीने द्यावे. डाऊन सिंड्रोम असलेल्या सुमारे निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो आणि काहींच्या मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा अस्थिर असतो. म्हणून व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांकडून हृदयाची आणि मानेची तपासणी अवश्य करावी. तोवर कोलांटउडी, डोक्यावर भार देणारे खेळ आणि पाण्यात सूर मारणे टाळावे. अपस्माराचे झटके येत असतील तर पाण्याजवळ एकटे सोडू नये. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपल्याला मिळालेली आहे. उंट बांधणे म्हणजे तो जन्मभर तंबूत ठेवणे नव्हे.

दुसरी शंका सब्रची. अल्लाहने परीक्षा दिली आहे, आम्ही सब्र करत आहोत. सब्र ही मोठी गोष्ट आहे. परंतु सब्र म्हणजे हात बांधून बसणे असते, तर प्रेषितांनी (स.) आजारावर इलाज करण्यास सांगितले नसते. सहा महिने रोज एकच बटण लावायला शिकवणे, आणि सातव्या महिन्यात ते जमले नाही तरी पुन्हा सुरुवात करणे, याहून कठीण सब्र कोणते?

तिसरी शंका मुलींविषयी. मुलगी आहे, वयात आली आहे, लोक पाहतात. हे कुटुंब हयेची काळजी घेते, ही चांगली गोष्ट आहे. पण व्यायामाची गरज तिच्या शरीरालाही तितकीच आहे. घराच्या गच्चीवर, बहिणींसोबत, स्त्रियांच्या वेळेत ते शक्य आहे. मार्ग शोधला तर सापडतो. दार लावून घेतले तर सापडत नाही.

मोहल्ल्याचे फर्ज

या साऱ्याचा भार केवळ आईवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. अशा मुलाच्या आईला वर्षानुवर्षे एक दुपारही मोकळी मिळत नाही. तिच्या पाठीचे दुखणे, तिचे एकटेपण, मुलाच्या अवस्थेसाठी तिलाच दोष देणारे नातलग, आणि इतर मुलींच्या लग्नात अडथळा येईल म्हणून या मुलाला लपवण्याचा दबाव, हे सारे आपल्याच मोहल्ल्यात घडते. जे काम समाजातील काहींनी केले तर सर्वांची सुटका होते आणि कोणीच केले नाही तर सर्व दोषी ठरतात, त्याला फर्जे किफाया म्हणतात. आठवड्यातून दोन दिवस तासभर या मुलांसोबत चालायला जाणारे चार तरुण, मकतबमध्ये त्यांच्यासाठी वेगळा अर्धा तास देणारा एक उस्ताद, मशिदीत त्याने मोठ्याने आवाज केला तर डोळे न वटारणारी एक सफ, जकात व सदक्यातून एखाद्या गरजू घराचा फिजिओथेरपीचा खर्च उचलणारी कमिटी: यांतील कोणते काम आपल्या कुवतीबाहेरचे आहे?

हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांना एकदा इतरांपेक्षा आपण वरचढ आहोत असे वाटले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना जाणीव करून दिली की तुम्हाला मदत आणि रोजी मिळते ती तुमच्यातील दुर्बलांमुळेच. बुखारीतील ही हदीस ऐकल्यावर अशा मुलाला घरावरचे ओझे म्हणण्यास जीभ धजावू नये. कोण कोणाच्या आधाराने जगत आहे, हे अल्लाह जाणतो.

प्रत्येक आईवडिलांच्या मनात शेवटी एकच प्रश्न उरतो: आमच्यानंतर याचे काय? भाऊ पाहील, वहिनी पाहील, कोणी नातलग पाहील, अशी आशा आपण बाळगतो. परंतु जो स्वतः उठून न्हाणीघरात जातो, स्वतः घास खातो, स्वतः पायात चप्पल घालून सोबत चालू लागतो, त्याला सांभाळणे कोणत्याही घराला सोपे जाते. आपण मुलाच्या नावे खोली ठेवू, पैसे ठेवू. त्यासोबत त्याच्या पायांत ठेवलेले बळ आणि बोटांत ठेवलेली सवय हाही वारसाच आहे. त्याला हिशेब नाही, हे खरे. आपल्याला आहे, आणि ज्याच्यावर ज्याची देखरेख सोपवली गेली त्याच्याविषयी त्याला विचारले जाईल, हे प्रेषितांनी (स.) स्पष्ट सांगितले आहे.

अल्लाह या मुलांच्या शरीरांना बळ देवो, त्यांच्या मातापित्यांच्या कष्टांचा स्वीकार करो आणि आपल्याला त्यांच्या वेगाने चालण्याचे धैर्य देवो. आमीन.